फावतंय ना?

प्रिय आई,

माझं पत्र म्हटल्यावर तू आधी देवापुढे दिवा लावणार, म्हणून आधीच सांगतो : मी धडधाकट आहे आणि नोकरी सुटलेली नाही, कारण ती होतीच कुठे! गेल्या आठवड्यात तीन दिवसांचं काम मिळालं, माईक धरायचं. सभागृहात कुणी हात वर केला की बिनवायरचा माईक घेऊन त्याच्याकडे पळायचं. गळ्यात पट्टा, पायात मित्राचे बूट, तेही एक नंबर लहान. तिथली लिफ्ट मधेच अडकायची, त्याची वेगळीच गंमत आहे, पण ती राहू दे. या पत्रात काम आहे ते तुझ्याकडेच.

परिषद होती तुझ्या माहेरच्या भाषेवर. गुजराती, आणि ती सोबत घेऊन देशोदेशी गेलेली माणसं. दूरदूरहून प्राध्यापक आलेले. माझं शिक्षण तुला माहीतच आहे, निम्मं डोक्यावरून गेलं. पण मधूनमधून सगळं कळायचं, आणि कळायचं ते तुझ्या आवाजात. मला वाटायचं, मला गुजराती फक्त ओरडा खाण्यापुरती येते.

दुसऱ्या दिवशी एक पांढऱ्या केसांच्या प्राध्यापकबाई पडद्यावर एकच शब्द लावून उभ्या राहिल्या. फाववुं. म्हणजे मानवणं, रुळणं. परमुलखात नवं कुणी आलं की आधीची माणसं पहिलं हेच विचारायची म्हणे, फावे छे ने? मी खांबाला टेकून पुटपुटलो, अरे, हा तर आमच्या आईचा शब्द. आणि माईक चालू. सगळ्या सभागृहाच्या माना माझ्याकडे. वाटलं, गेली आजची हजेरी. पण बाई म्हणाल्या, सांग.

मग मी वहिनीचा किस्सा सांगितला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तू मायेनं तिला विचारलंस, ‘फावतंय ना गं तुला इथं?’ आणि मराठीत फावणं म्हणजे संधी साधणं, म्हणून ती बिचारी टोमणा समजून माडीवर जाऊन रडली. आत्यानं त्यावर दहा वर्षं काढली. तुझी पाठ वळली की, हिचं बाई बरं फावतं. मीही कमी नव्हतो, आई. मित्रांत तुझी नक्कल करून हाच किस्सा किती वेळा खपवलाय. दरवेळी हशा ठरलेला. परवा तीनशे माणसांत एकही हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एक आजी तर चष्मा काढून पुसत बसल्या.

बाई म्हणाल्या, “आम्ही समुद्र ओलांडून गेलेल्यांवर लिहीत बसलो. तुझी आई उंबरठा ओलांडून परदेशी गेली, आणि बोलायला दुसरं कुणी नसताना तिनं एकटीनं हा शब्द सांभाळला.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी नव्हे, तुझ्यासाठी. माझी छाती अशी फुगली की पट्टा तुटायचा बाकी होता. आत्याला तिथं खुर्चीत बसवायला हवं होतं, पहिल्या रांगेत.

आता काम. परिषदेचं पुस्तक निघतंय आणि त्यात तुझा शब्द, वहिनीच्या किश्शासकट, छापायचाय. बाईंनी कागद पुढे केला : सांगणाऱ्या व्यक्तीचं नाव. मी ऐटीत तुझं नाव सांगून पेन उघडलं. त्यांनी विचारलं, हे जन्माचं की सासरचं? मी पेनाचं टोपण परत लावलं. लग्नात तुझं नाव बदललं एवढं ठाऊक आहे. मामा तुला बेन म्हणतो, बाबा अहो ऐकलं का म्हणतात. चोवीस वर्षांचा झालो, पण तुझ्या आईनं तुला काय म्हणून हाक मारली हे मला माहीत नाही. ती ओळ मी कोरी ठेवून आलोय. पंधरा दिवसांची मुदत आहे. बाबांना विचारू नकोस, आत्याला तर नाहीच. तुला जे नाव छापून यायला हवं, ते तुझ्याच अक्षरात, तुझ्या लिपीत लिहून पाठव. मला वाचता आलं नाही तर कुणाकडून तरी शिकून घेईन.

तुझाच,
भटक्या