गुरुवारच्या आत

रेजिना, कॅनडा,
२८ मे २०१७

प्रिय सुहासिनीताई,

नमस्कार. तुझ्या दोन पत्रांना माझ्याकडून ओळसुद्धा नाही. रागावली असशील, तर हक्कच आहे तुझा. फोनवर बोलले असते, पण भाऊजी स्पीकर लावतात आणि मग मी हवापाण्यावरच बोलत बसते.

आधी एक दुरुस्ती. श्रावणी ‘मेडिकलला लागली’ म्हणून तू पेढे वाटलेस. ती लागलेली नाही गं. इथे बारावीनंतर थेट डॉक्टरकीला जात नाहीत. आधी पदवी, मग प्रवेशपरीक्षा, मुलाखत, आणि तरीही बहुतेकांना नकारच. तिला प्रवेश मिळालाय तो जीवशास्त्राला, दोन ठिकाणी: इथल्या विद्यापीठात आणि मॉन्ट्रियलला. गुरुवारच्या आत एकाला होकार कळवायचाय.

मॉन्ट्रियलचं नाव मोठं, प्रयोगशाळा मोठ्या. इथे घरचं जेवण, आणि कदाचित मार्कही बरे पडतील. मी सकाळी एक बाजू घेते आणि संध्याकाळपर्यंत दुसरीकडे गेलेली असते. रवींद्र तर बाप असून म्हणतो, “दोन्हीकडे बेडूकच कापायचेत. तू उगाच कीस पाडतेस.”

मागच्या आठवड्यात जेवताना श्रावणीनेच विचारलं, “आई, जस्ट टेल मी. स्टे ऑर गो?”

मी म्हटलं, “आपल्या प्रांतातल्या मेडिकलच्या जागा बहुतेक इथल्याच मुलांना देतात. तू बाहेर गेलीस तर तुझा इथला रहिवास जाईल.”

“सीरियसली?”

“हो.”

“ओके. देन दॅट्स दॅट.” आणि तिने आणखी एक पोळी मागून घेतली.

हे मी मराठी मंडळाच्या पाडव्याला कुणाकडून तरी ऐकलं होतं. खात्री केलेली बरी, म्हणून शुक्रवारी तिच्या शाळेतल्या कौन्सेलरबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, आईवडील इथेच असले आणि मूल फक्त शिकायला बाहेर गेलं, तर रहिवास जात नाही. मी आभार मानले आणि पार्किंगमध्ये बराच वेळ गाडी सुरू न करता बसून राहिले. हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

श्रावणीला अजून सांगितलेलं नाही.

ती पोळी तिने सुटका झाल्यासारखी मागितली की आशा सोडल्यासारखी, हे मला कळलंच नाही गं. अठरा वर्षांची पोटची पोर, आणि तिचा चेहरा वाचता येत नाही. तिलाही घरीच राहायचं असेल आणि त्यासाठी एखादं कारण हवं असेल, तर खरं सांगून मी तेच काढून घेईन. की हे सगळं मी माझ्या सोयीने रचतेय? रवींद्र आठवडाआड खाणीच्या साइटवर असतो. ती गेली तर मी कुणासाठी पोळ्या लाटायच्या, असा विचार त्या पार्किंगमध्ये आला होता. त्याची लाज अजून जात नाही.

तू काय केलं असतंस, असं विचारणार होते. पण हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत गुरुवार कधीच उलटून गेलेला असेल, आणि लिहायला बसतानाही मला ते ठाऊक होतं.

तुझी,
वनिता

(त्याच रात्री, स्वतःच्या डायरीत) उद्या: शाळेत सोडताना श्रावणीला कौन्सेलरबाईंचं म्हणणं सांगणे.