पिशवीसकट लावलेलं रोप

माय, तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली, तरी दिग्रसच्या बाजारात कुणाच्या हातात रोप दिसलं की मी अजून आधी त्याच्या पिशवीकडे बघते. ही खोड तुझी. दारव्ह्याच्या नर्सरीत तू दिवसभर बसून काळ्या पिशव्यांत माती, रेती आणि शेणखत भरायचीस आणि सुट्टीच्या दिवशी मी तुझ्याशेजारी बसून कंटाळायचे. दोनच पानं फुटलेलं रोप बघून तुला करंज की कडुनिंब ते कळायचं. मला अजून पुस्तक उघडावं लागतं, आणि पाचवीच्या पोरांना परिसर अभ्यास मात्र मी शिकवते.

चौथीत असताना तू मला सीताफळाचं एक रोप आणून दिलंस. फक्त माझं म्हणावं असं तेच पहिलं, बाकी सगळं मोठ्या बहिणीचं उतरलेलं. बोरी अरब गावातल्या आपल्या घरामागे मी ते लावलं आणि कुणाला हात लावू दिला नाही. तुला पिशव्या भरताना कितीदा पाहिलं होतं, रोप लावताना कधीच नाही. पावसाळा सरला तशी पानं पिवळी पडली. तू येतेस, रोप उपटतेस, आणि खाली पिशवी तशीच असते. आत मुळं गोल गोल फिरून एकमेकांत गुंतलेली. तू मला एक थापड देतेस.

"पिशवी कायले ठेवली वं? मूळ कुठून जाईन त्याचं?"

"मले वाटलं, माती सांडंन."

"सांडू दे ना. पावसाळाभर हिरवं दिसते थे, मंग मरते."

मग तू खाली बसून ती मुळं बोटांनी हळूहळू सोडवत राहिलीस. रोप वाचलं नाही, पण मला ती थापड आणि ती बोटं दोन्ही पाठ झाली. पर्यावरणाचं माझं शिक्षण एवढंच. पुढे प्रशिक्षणं झाली, प्रमाणपत्रं मिळाली, त्यातलं फारसं काही आठवत नाही.

यंदा जुलैत आमच्या शाळेत वृक्षारोपण होतं. आदल्या आठवड्यात मी वर्गात ब्लेडनं पिशवी चिरून दाखवली, मुळं दाखवली, तुझंच वाक्य सांगितलं. पोरं मन लावून ऐकत होती. मला फार बरं वाटलं, खरं सांगते, वाटलं तू खिडकीतून बघत असशील. कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणे दोन तास उशिरा आले आणि आल्या आल्या निघायची घाई करू लागले. फोटो काढून लगेच वर पाठवायचा होता. सगळी रोपं पिशव्यांसकटच खड्ड्यांत उभी केली गेली. माझ्या वर्गातली एक मुलगी, दोन वेण्यांची, फार न बोलणारी, रोप हातात धरून थांबली.

"मॅडम, पिशवी नाही फाडाची का? तुमीच तं सांगलं होतं."

मी म्हटलं, "राहू दे आता. लाव तसंच, साहेब उभे आहेत."

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग खाली बसली आणि पिशवीभोवती माती नीट दाबली, मी शिकवलं होतं तशी.

रविवारी मी शिपायाकडून किल्ली मागून घेतली आणि एकटीच शाळेत गेले. एकेक रोप उकरलं, पिशवी चिरली, परत लावलं. दुपार झाली. नखांत माती गेली, तुझ्या असायची तशी. घरी येऊन हे कुणाला सांगावं, तर खोलीत मीच. शाळेतल्या बायांना सांगितलं असतं तर हसल्या असत्या. रोपं आता तरारली आहेत. मला वाटलं, चूक निस्तरली.

चार दिवसांपूर्वी घटक चाचणीचे पेपर तपासायला घेतले. रोप कसे लावाल, असा प्रश्न मीच काढला होता. त्या मुलीनं सुंदर अक्षरात लिहिलं आहे: खड्डा खणावा. रोप पिशवीसकट ठेवावे. माती दाबावी. फोटो काढावा.

लाल पेन घेऊन मी बसून राहिले. चूक द्यावी तर उत्तर माझं आहे. बरोबर द्यावं तर तू आठवतेस. रविवारी रोपं उकरली तेव्हा ती तिथे नव्हती ना, तिला काय माहीत. वर्गासमोर उभं राहून तिला, पोरी, तुझं बरोबर होतं, मी चुकले, एवढंच म्हणायचं आहे. रोज सकाळी ठरवून जाते आणि रोज तिला सोडून बाकीच्यांना प्रश्न विचारून परत येते.

हे पत्र तिच्याच पेपरात घडी घालून ठेवते आहे. तिला सांगायचं होतं ते तुला लिहिलं, माय. तुझ्या थापडेची मला कधी भीती वाटली नाही. त्या पोरीच्या बघण्याची वाटते.