शेवटच्या पानावरचं नाव

बुधवार, २ जुलै २०२५. सकाळी ११.४०

जिंतूर, कॉलेज. शेवटचा बाक. जुन्या मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा तास. प्रोजेक्टरवरचं तिसरं चित्र वहीत उतरवत होतो.

मॅडम या वर्षी पुस्तकातून कमी, भिंतीवरून जास्त शिकवतात. परदेशातल्या एका संग्रहालयाचं ऑनलाइन प्रदर्शन आहे. आधी पोथ्या, मग शिळाछापाची पुस्तकं, मग छापखाना, सगळं ओळीनं लावलेलं. नेट अडकतं. चित्र आधी धुरकट येतं, मग हळूहळू अक्षर उघडतं. तिसरी पोथी अशीच उघडली. शेवटचं पान. "बोरी ग्रामी गुरलिंगप्पा यांणी लिहविली. शिव शिव."

बोरी आमचं गाव, गुरलिंगप्पा आमचे. पणजोबांचे वडील. पोथी आमच्या देवघरात आहे, लाल बस्त्यात बांधलेली. निदान मी आजवर तसंच समजून…

शेजारच्यानं विचारलं, लिहीत का नाहीस. पेन बंद पडलं म्हणालो.

शनिवार, ५ जुलै

बस्ता जागेवर आहे. गाठ नीट. आत काय आहे ते आत्ता कळणार नाही. तो श्रावणातल्या सोमवारीच सुटतो आणि वाचणाऱ्याशिवाय कोणी हात लावत नाही. वाचणारे म्हणजे नाना. माझे काका. बाबा गेल्यावर त्यांनीच वाढवलं. दुसऱ्या वर्षात कॉलेज सुटलं तेव्हा दुकानात घेतलं, यंदा पुन्हा नाव घालायला लावलं तेही त्यांनीच. अशा माणसाबद्दल हे लिहायला बरं वाटत नाही. तरी लिहितो.

संध्याकाळी गूळ फोडताना सहज विचारलं, आपली पोथी पाहायला कधी बाहेरचं कोणी आलं होतं का.

"कोन येतंय? लोकायला बिस्किटं पाहिजेत," म्हणाले आणि हसले.

नाना गिऱ्हाईक समोर नसताना हसत नाहीत.

दुकानातला मोठा फ्रिज कोणत्या वर्षी, कोणत्या पैशानं आला ते आठवत नाही. काकूला विचारावं. नको.

बुधवार, ९ जुलै

मॅडमनी प्रकल्प दिला. प्रदर्शनातली एक वस्तू निवडायची आणि तिच्याखालच्या मजकुरात जे नाही ते शोधून लिहायचं. म्हणाल्या, छापील इतिहासात कवी असतो आणि त्याचा काळ असतो. इथं पान दिसतं, डाग दिसतो, वाचणाऱ्याचं बोट दिसतं. पण ही पोथी कोणाच्या घरातून निघाली, ते लिहिलेलं नाही. ती इथवर आली कशी?

मागून एक जण म्हणाला, "कुरिअरनं, मॅडम." सगळे हसले. मॅडमही.

मी तिसरी पोथी निवडली. कारण सांगितलं नाही. खालचा मजकूर असा: "शिवभक्तीपर ओव्या. मराठवाडा. संग्राहकाकडून प्राप्त." संग्राहकाचं नाव नाही. त्याला कोणी दिली, ते नाही. पानंही मोजकीच दाखवलीत, बाकीची नाहीत. का नाहीत?

मोबाइलवर शेवटचं पान मोठं करून पाहिलं. समासात भस्माचं बोट आहे. आमच्याकडेही शेवटच्या सोमवारी गुरलिंगप्पांची ओळ पोथीचाच भाग म्हणून मोठ्यानं वाचतात. नाव आलं की वाचणारा पानाला भस्म लावतो, मग घरचे सगळे कपाळाला. ओळ मला लहानपणापासून पाठ आहे. ओळ तीच. बोटही नेमकं तिथंच.

रविवार, १३ जुलै

राहवलं नाही. दुपारी दुकान रिकामं होतं, नानांपुढे मोबाइल धरला. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं. मग मोबाइललाच नमस्कार केला.

"ही आपली न्हाई. सावरगावच्या आत्याची हाय."

राणीसावरगावची आत्या म्हणजे त्यांची आत्या, माझी आत्याआजी. नानांनी सांगितलं ते असं. पूर्वी आमच्या घरातली मुलगी सासरी निघाली की पोथीची नक्कल करवून तिच्यासोबत द्यायचे. गुरलिंगप्पांची ओळ पोथीत धरलेली, म्हणून नक्कल करणारा तीही उतरवायचा. गाळली तर पोथी अपुरी.

"नाव पोथीचं हाय, मालकाचं न्हाई. कुनाच्याबी घरी सापडंल."

मग मी खुळा ठरलो. नाव दिसलं म्हणजे आपलीच, असं धरून दहा-बारा दिवस घरात चोर शोधत होतो. पण नक्कल करायची रीत आजवर मला कोणीच कशी सांगितली नाही? आणि नुसत्या फोटोवरून आत्याची म्हणून ओळखली कशी? विचारलं. म्हणाले, अक्षरावरून. मग आत्याची पोथी परदेशात कशी, हे विचारणार तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. पाव किलो साखरेचं गिऱ्हाईक, नाना त्याच्याशी पावसापाण्याचं बोलत बसले.

काकू आतून ऐकत होती. जेवताना म्हणाली, "तू अभ्यास करायलाय का चोर धरायलाय?"

दोन्ही, असं मनात म्हणालो.

रविवार, २० जुलै

राणीसावरगावला जाऊन आलो. घरी सांगितलं, कॉलेजच्या मित्राकडे जातो. परभणीहून पॅसेंजर, पिंगळीला विनाकारण थांबली. गंगाखेडहून पुढे जीप.

आत्याआजीला आता दिसत नाही. आवाजावरून ओळखलं नाही, बाबांचं नाव सांगितल्यावर जवळ बसवून तोंडावरून हात फिरवला. "लय वाळलास. तुही काकू जेवू घालती का नुसता हिशोब लिवायला लावती?"

मोबाइलवरचं पान वाचून दाखवलं. पहिली ओवी मी वाचली, पुढच्या तिनं म्हटल्या, मी मागे पडलो. शेवटच्या ओळीला तिनं कपाळाकडे बोट नेलं. विचारलं, तुझी पोथी कुठाय. म्हणाली, एक माणूस आला होता, शिकलेला, गोड बोलायचा. फोटो काढून श्रावणाच्या आत परत देतो म्हणाला. "मला दिसंना झालतं. मनलं, ने. मला तर तोंडपाठ हाय."

अनोळखी माणसाला दिलीच कशी?

"अनोळखी कशानं? नाना संगं घेऊन आला व्हता की."

पुढं चहा आला. निघताना हात धरून म्हणाली, नानाला काही विचारू नको, त्याला वाईट वाटतं. कशाचं वाईट वाटतं? फसल्याचं, की

गाडीत लिहायला घेतलं, हात हलतो. पुरे.

गुरुवार, २४ जुलै

मॅडमना सांगितलं, अर्धंच. आत्याआजीची पोथी नेली हे सांगितलं, कोणासोबत आलेल्या माणसानं नेली ते नाही.

त्यांना आधी दोन प्रती आहेत याचाच आनंद झाला. एकच पोथी माहेरी आणि सासरी, दोन हातांनी लिहिलेली. पाठभेद लावता येतील, मुलींसोबत वाङ्मय कसं गावोगाव गेलं ते दाखवता येईल. बरोबर असेल. मला पाठभेद नको आहेत.

मग मुद्द्यावर आल्या. संग्रहालयाला ई-मेल करता येतो. ज्याला माहिती आहे अशा घरच्या माणसाचं सही केलेलं निवेदन जोडलं, पोथी कोणी नेली ते लिहिलं, तर ते मागचे कागद तपासू शकतात. त्या बोलताना मी एकच विचार करत होतो. आत्याआजीनं तो माणूस पाहिलेला नाही. नाव माहीत असेल तर नानांनाच.

नाना फसले असतील तर लगेच सही करतील. मलाही तेवढंच हवं आहे.

निवेदन लिहिलं. तीनदा शुद्ध केलं. माणसाच्या नावाची जागा कोरी ठेवली.

सोमवार, २८ जुलै

श्रावणातला पहिला सोमवार. सकाळी दुकानात परभणीहून माल आला. नानांनी उभ्याउभ्या पावतीवर सही केली, मला म्हणाले, अंघोळ कर, यंदा पोथी तू वाच. माझ्या डोळ्यानं होत नाही.

बस्ता मी सोडला. पोथी आहे. शेवटचं पान शेवटच्या सोमवारीच उलटायचं असतं, मी आजच उलटलं. नानांनी पाहिलं. अक्षर खरंच वेगळं आहे. आमच्या पोथीत गोल, प्रदर्शनातल्या पोथीत उभट. म्हणजे तेवढं तरी नाना खरं बोलले. मला एवढं बरं वाटलं की पहिल्या दोन ओव्या चुकलो. काकूनं खोकून सुधारलं.

वाचन झालं. भस्म लावलं. तिथंच, देवासमोर, निवेदन पुढे केलं. आत्याआजीला भेटून आलो हेही सांगितलं. नाना रागावले नाहीत. चष्मा लावून सगळं वाचलं, दोनदा वाचलं असेल. कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"हितं त्याचं नाव लिवावं लागंल?"

हो म्हणालो.

"अन् मग ते लोक त्याला इचारतेल?"

विचारतील.

त्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं. काकू दारात उभी होती, ती आत निघून गेली. मग टोपण परत लावलं.

"सोमवारी सही करत नसतेत, बाबा. उद्या बघू."

म्हणाले आणि दुकानात गेले. निवेदन माझ्याकडेच आहे.

सोमवारी सही करू नये अशी रीत आमच्या घरात आहे, हे मला आज पहिल्यांदा कळलं. मालाची पावती गल्ल्यावरच्या तारेला टोचलेली आहे. सही आजचीच आहे. जाऊन पाहून आलो.