बाबांचा सहज केलेला फोन

ती. आईस,
दुरूनच पाया पडतो.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझी रक्तदाबाची गोळी चालू आहे ना? ताई अजून तुझ्याजवळच आहे ना?

बाबा गेल्याचं तू कळवलंस तेव्हा मी मेकअपला बसलो होतो. "आधी गाऊन घे, मग ये," म्हणालीस. ऑपेरातली माझी पहिली मुख्य भूमिका, म्हणून मीही थांबलो. आमचे संगीत दिग्दर्शक म्हणाले, "रडू नकोस, घसा धरेल." मी रडलो नाही. आतापर्यंतच्या तिन्ही प्रयोगांना लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. आणखी दोन मोठ्या थिएटरांनी बोलावलंय. पेपरातला फोटो सोबत आहे.

काल फोनमध्ये बाबांच्या आवाजातला जुना निरोप सापडला. "जेवलास का? काम काही नाही, सहज फोन केला होता."

मग मात्र आवरलं नाही. आज आवाज पूर्ण बसलाय, म्हणून फोन न करता लिहितोय. डॉक्टरांनी महिनाभर गायला, बोलायला मनाई केली आहे. उरलेले प्रयोग दुसरा गायक करेल.

पुढच्या आठवड्यात येतो. बाबांना शेवटचं बघायचं राहिलं ते राहिलंच. आल्यावर मला काही विचारू नकोस, आई. तुझ्याजवळ नुसता बसेन.

तुझा,
धाकटा