उड्यांची पंधरा मिनिटं

आवडीची डायरी, मंगळवार संध्याकाळ

संताप संताप होतोय नुसता. व्हॉलीबॉल खेळताना माझी लेक सई उडी मारून उतरली आणि गुडघा मुरगळला. लिगामेंट तुटलंय, ऑपरेशन करावं लागेल म्हणे. मी दवाखान्यातच तिच्या कोचवर ओरडले, "उडी मारून गुडघे वाकवून उतरायचं, एवढंही पोरींना शिकवत नाही?"

तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, रोज पंधरा मिनिटं तेच घ्यायचो. ट्यूशनला उशीर होतो म्हणून पालकांनीच बंद करायला लावलं."

पालकांनी म्हणे! घरी येऊन तणतणत पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवरचे जुने मेसेज काढले. 'पंधरा मिनिटं नुसत्या उड्या कशाला?' कुणी लिहिलं होतं हे?

मीच.

आतून सई विचारतेय, "आई, कोणी गं बंद करायला लावलं?"