बुडालेल्या आंब्यात अडकलेला नांगर

मुळशी, कार्तिक वद्य पंचमी, शके १८४९. संध्याकाळ.

आज धरणाच्या पाण्यावर दाट धुकं होतं. काठाजवळच एक शिडाची होडी नांगर टाकून उभी होती, नेमकी आमच्या बुडालेल्या शेतावर. मी आणि दादा काठावरून बघत होतो. होडीवरचा, धरणाच्या कंपनीने कोकणातून आणलेला खलाशी नांगराचा दोर ओढून ओढून दमला.

"कशात तरी अडकलाय," तो ओरडला.

"आमचा आंबा हाय तितं," दादा म्हणाला. "त्यो न्हाई सोडायचा."

शेवटी खलाशाने दोर कापला आणि होडी धुक्यात गेली. आंबा अजून तिथेच आहे हे ऐकूनही मला काहीच कसं वाटलं नाही? दादा मात्र हसला. शेत पाण्याखाली गेल्यापासून तो हसलाच नव्हता, पोटभर जेवलाही नव्हता. घरी येऊन त्याने वहिनीकडे दुसऱ्यांदा भात मागितला. तिने पातेलंच त्याच्यापुढे ठेवलं.