चौकी क्रमांक सातचा निरोप

३ जुलै २००६
पोचले एकदाची! मिरज सोडल्यापासून सव्वा दिवस गाडीत बसून पाय सुजलेत, पण मन कसं हलकं झालंय. तांबरम स्टेशनपासून दहा मिनिटांवर कामाक्षीअम्मांच्या घरी माडीवरची खोली मिळाली. अम्मा तंजावरकडच्या मराठी. आल्या आल्या म्हणाल्या, "बैस ग. प्रयाण मोठं झालं की तुज. आधी कापी घे." इतकं जुनं आणि इतकं गोड मराठी मी कधी ऐकलं नव्हतं.

उद्यापासून अड्यारला नोकरी. पुण्यात तीन वर्षं डॉक्टरांची टेपवरची बडबड टाइप केली, नुसते मूतखडे आणि अपेंडिक्स. इथे माझ्या फ्रेंचचा उपयोग होणार आहे. शांतिसेनेच्या एका मोहिमेतली रेडिओवरची संभाषणं लिहून काढायची. देशाचं नाव कुठे लिहायचं नाही असं करारात आहे, म्हणून इथेही लिहीत नाही. बाबा फोनवर म्हणाले, म्हणजे तू आता जगाच्या कामाला लागलीस.

५ जुलै
आमचे साहेब मेजर राणोजी राव, निवृत्त. अम्मांचे धाकटे भाऊ. खोली त्यांच्यामुळेच मिळाली. ते स्वतः त्या मोहिमेच्या मुख्यालयात वर्षभर होते, तिथे फ्रेंच शिकले, म्हणून कंपनीने त्यांनाच हे काम सोपवलंय.

आज त्यांनी फळ्यावर सगळी रचना काढून दाखवली. सगळ्यात वर न्यूयॉर्कमधली परिषद. ती ठराव करते: कुठे जायचं, किती सैनिक, गोळी केव्हा झाडायची. परिषदेकडे स्वतःचा एकही सैनिक नसतो. मग देशोदेशींकडे मागायचे. कोणी पलटण देतो, कोणी हेलिकॉप्टर, कोणी नुसते डॉक्टर, आणि देताना प्रत्येक जण आपापल्या अटी घालतो. तिकडे मोहिमेचा प्रमुख असतो, तो मुलकी माणूस. त्याच्या हाताखाली सेनापती, मग विभाग, विभागात पलटणी, पलटणीच्या चौक्या. चौकीचा निरोप पायरी-पायरीने वर जातो आणि हुकूम त्याच पायऱ्यांनी खाली येतो. मधली पायरी गाळायची नाही. साहेब हात झटकत म्हणाले की सतरा देशांची माणसं एका रांगेत चालवायची तर दुसरा उपाय नाही.

मला पटलं. फळ्यावर फार नेटकं दिसत होतं.

७ जुलै
एकसष्ट रेकॉर्डिंग आहेत, सगळी मार्च २००३ मधल्या अकरा दिवसांची. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. दाबलं की आवाज मागे जातो. ऐकलेलं फ्रेंच इंग्रजीत उतरवायचं. कळलं नाही तिथे 'अस्पष्ट' लिहायचं. ही नोंद एका चौकशी समितीकडे जाणार आहे.

चौकी क्रमांक सात. नदीवरचा पूल, पलीकडे जंगल, अलीकडे काबेला नावाचं गाव. चौकीत चाळीस सैनिक, त्यांना फ्रेंच येत नाही, म्हणून रेडिओवर त्यांची दुभाषी बोलते. तिचं नाव सोलांज, गावच्या शाळेतली बाई. आवाज इतका स्वच्छ, की पेडल दाबावंच लागत नाही. पहिल्याच दिवशी ती सांगते की पलीकडे हत्यारबंद माणसं जमताहेत. पलटण म्हणते, लेखी कळवा.

१० जुलै
आज पाचव्यापासून आठव्या दिवसापर्यंत ऐकलं. दुपारी डबा खाववला नाही.

चौकीने पूल ओलांडून गस्त घालायची परवानगी मागितली. विभागाने कळवलं, ठरावात नदीच्या अलीकडचाच भाग आहे. हेलिकॉप्टर मागितलं. देणाऱ्या देशाची अट, गोळीबाराची शक्यता असेल तिथे उतरायचं नाही. मग त्या चाळीस सैनिकांच्या स्वतःच्या देशातून थेट चौकीला हुकूम आला, आपला एकही माणूस मरता कामा नये. म्हणजे पायऱ्या गाळता येत होत्या. आपल्या माणसांसाठी येत होत्या.

चारशे गावकरी शाळेच्या आवारात येऊन बसलेत. सोलांजची आई त्यांच्यात आहे. काय चाललंय ते सोलांज सगळ्यांना समजावून सांगते, आणि हे समजावणार तरी कसं?

११ जुलै
नववा दिवस, सकाळी नऊ चाळीस. पलटणीचा रेडिओ बंद. सोलांजने सरळ मुख्यालयाला हाक घातली. हत्यारबंद माणसं पूल ओलांडताहेत, सैनिक सामान ट्रकमध्ये भरताहेत, शाळेत चारशे माणसं आहेत, कोणाला तरी पाठवा. मुख्यालयाचं उत्तर आलं: निरोप विभागाकडून आलेला नाही, घेता येत नाही, योग्य मार्गाने पाठवा.

उत्तर देणारा आवाज राणोजी साहेबांचा आहे.

मी त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी दार लावलं आणि म्हणाले, तिथे अस्पष्ट लिही. मी म्हटलं, शब्दन् शब्द कळतोय. तेव्हा ते खाली बघत बोलले, "शैला, ठराव करणारे रेडिओवर बोलले नाहीत. अटी घालणारे बोलले नाहीत. आवाज फक्त माझा सापडेल. चारशे माणसं मेली त्या दिवशी, ती दुभाषीसुद्धा. सगळी माझ्या एकट्याच्या नावावर लागतील."

त्यांचे डोळे भरले होते. आणि ते खोटं बोलत नव्हते.

मी अस्पष्ट लिहिलं. तिच्या निरोपाच्या जागी आणि त्यांच्या उत्तराच्याही.

१२ जुलै
काल ते रेकॉर्डिंग चार मिनिटं दहा सेकंदांचं होतं. माझ्या वहीत तसं लिहिलंय. आज चार मिनिटं बावीस सेकंदांचं आहे.

त्या बारा सेकंदांत सोलांज म्हणते, "मी स्पष्ट बोलते आहे."

१३ जुलै
आज नऊ मिनिटं. नऊ चाळीसचा निरोप ती अक्षर-अक्षर फोडून सांगते, मठ्ठ पोराला सांगावं तसं. मग नावं. शाळेतल्या माणसांची नावं आणि प्रत्येकाचं वय.

साहेबांना ऐकवलं. म्हणाले, नुसती खरखर आहे. हेडफोन काढून ठेवले. तसेच घरी निघून गेले.

१५ जुलै
साहेब दोन दिवस आले नाहीत. मीच त्यांच्या घरी गेले. भर दुपारी खिडक्या बंद, कानात कापूस. म्हणाले, हेडफोनशिवायही ऐकू येतं. त्या दिवशी मी फक्त नियम पाळला, हे तिला कोणीतरी सांगा. मग मला विचारलं, तू सांगशील का, तुझं फ्रेंच चांगलं आहे.

१७ जुलै
सकाळी अकरा वाजता साहेब माझ्या खुर्चीत सापडले. गेलेले. कानाला हेडफोन. कॉम्प्युटर बंदच होता. पुढ्यात तेवीस पानं, त्यांच्या अक्षरात, नुसती नावं.
डॉक्टर म्हणाले हृदय.

१९ जुलै
कंपनीने नोंद तशीच पाठवून दिली. समिती फक्त तिच्यासाठी थांबली होती, निकालही लगेच आला: चौकीचा निरोप मुख्यालयाला मिळाल्याचा पुरावा नाही, कोणाचा दोष नाही, नोंद करणाऱ्यांचे आभार.
आभार!
मी खऱ्या ओळी टाइप करून समितीला परत पाठवल्या. तासाभरात उत्तर. मिटलेल्या प्रकरणात दुरुस्ती योग्य मार्गानेच पाठवावी.
राजीनामा दिला.

२० जुलै
खाली अम्मांचा फोन वाजला. अम्मांनी उचलला. भाऊ गेल्यापासून त्या नीट बोलत नाहीत. वर बघून म्हणाल्या, "कोण की बाई. तुज विचारते. भाषा मज कळत नाही."
मी घेतला नाही.
अम्मांनी ऐकलं म्हणजे — म्हणजे माझं डोकं फिरलेलं नाही. फिरलेलं असतं तर बरं होतं.

२१ जुलै
सकाळपासून सात वेळा. शेवटी घेतला.
तिने सगळं पुन्हा सांगितलं. पूल, ट्रक, चारशे माणसं. मग माझ्या उत्तराची वाट बघत होती. तीन वर्षं कोणी एक शब्द म्हटला नाही तिला — मला वाटलं तेवढं म्हटलं की सुटेल बिचारी — मीही सुटेन —
मी म्हटलं, "निरोप मिळाला."
ती रडली. हसली असेल.
मग विचारलं, मग सैनिक कधी पाठवता?

२२ जुलै, दुपार
माझ्याकडे कुठून सैनिक. सांगितलं तिला. मी टाइप करणारी — ती म्हणते मिळाला म्हणालात. म्हणजे मुख्यालय तुम्ही.
फोनची वायर मी काढून ठेवलीय. तरी —

साडेतीन
मी काय बोलले. थांबा म्हटलं. वरून हुकूम यायला हवा. माझ्याच तोंडून. देवा —

ती म्हणाली, थांबून झालं. आम्हीच तिकडे येतो.

चार वाजता
अम्मा खालून हाका मारताहेत. इतकी माणसं कोठली, विचारताहेत. खिडकीतून दिसतं. ऊन आहे लख्ख. अंगणात बसलीत, गल्लीत बसलीत, पोरं मांडीवर, सगळी वर बघताहेत, माझ्याकडे — एकही सावली नाही — जिना चढतंय कोणीतरी. सावकाश. एक म्हातारी आणि तिला धरून —
दार लावलंय. ती बाहेरून विचारते, आत घेता का. मी काय सांगू, मला अधिकार ना